हात लावून बघ

परवा रात्री आठच्या सुमारास वीज गेली. कल्याणात यात नवल काही नाही. भारनियमनाच्या दिवसांत आमच्या मुलांनी इथे दहावीचा अभ्यास मेणबत्तीवर केलेला आहे. डाळ शिजून खाली उतरली होती, फोडणी तेवढी बाकी होती आणि मोबाइल नेमका बाहेरच्या खोलीत राहिला होता. ओट्यावर हात फिरवत गेले. तांब्या, पोळपाट, किसणी (सांभाळून), चहाची गाळणी आणि तिच्यामागे आगपेटी. काडी ओढणार तेवढ्यात मनात आलं, मिसळणाचा डबा अंधारातच उघडून बघू, किती कळतं ते.

मोहरी लगेच कळली. ती बोटांखालून गोल गोल निसटते. जिरं टोचतं आणि चिमटीत चोळलं की त्याच्या शिरा लागतात. मेथीचे दाणे टणक, कोपरे असलेले. धणेपूड जरा भरड. घोटाळा झाला तो हळद आणि तिखटात. दोन्ही वस्त्रगाळ, बोटांना दोन्ही सारखीच. शेवटी चिमूटभर जिभेवर ठेवली. तिखट निघालं. मग मात्र काडी ओढली.

मराठीत आपण ‘बघणे’ हे क्रियापद डोळ्यांपुरतं ठेवलेलं नाही. चाखून बघ, हलवून बघ, ताप आहे का हात लावून बघ. अंधारातही आपलं बघणं चालूच असतं, आणि हाताचं बघणं बऱ्यापैकी तेज असतं. रॉबर्टा क्लॅट्झ्की आणि सुझन लेडरमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली याची मोजदाद प्रसिद्ध केली. लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी घरातल्या नेहमीच्या १०० वस्तू एकेक करून हातात दिल्या. ९६ टक्के उत्तरं बरोबर आली आणि त्यातली बहुतेक पाच सेकंदांच्या आत.

पुढे दोन वर्षांनी याच दोघींनी हात नेमका काय करतो ते नोंदवलं. पोत हवा असेल तर बोट आडवं घासतं. टणकपणा हवा असेल तर दाबतं. गरम-गार कळायला नुसतं टेकून राहतं. वजनासाठी वस्तू तळहातावर तोलतो, आकारासाठी मुठीत घेतो, बारकाव्यासाठी कडेकडेने बोट फिरवतो. प्रश्न बदलला की हाताची हालचाल बदलते. हे वाचलं तेव्हा मला स्टेशनबाहेरचा संध्याकाळचा भाजीबाजार आठवला. तिथे या सगळ्या हालचाली दहा मिनिटांत बघायला मिळतात. टोमॅटो दाबायचा, वांगं तोलायचं (आकाराच्या मानाने हलकं असेल तर बिया कमी, असं आई सांगायची), कलिंगडावर थाप मारायची, भेंडीचं टोक कट्‌कन मोडतं का बघायचं. आणि मग ठरलेलं वाक्य ऐकायचं: ‘‘ताई, घ्यायची नसेल तर मोडू नका.’’

हात थांबला की त्याला कळणंही थांबतं. बोटातली अंगठी, नाकावरचा चष्मा, मनगटातलं घड्याळ दिवसभर अंगाला लागून असतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. बोटाच्या कातडीत स्पर्श टिपणारे मुख्य चार प्रकारचे ग्राहक असतात. मर्केल पेशी दाब आणि बारीक कडा टिपतात. रुफिनीची टोकं कातडीला बसणारा ताण सांगतात. माइस्नरच्या कणिका वस्तू हातातून निसटू लागली की जाग्या होतात. सगळ्यांत खोल असतात त्या पॅसिनीच्या कणिका. त्यांना कांद्यासारखे पापुद्रे असतात आणि त्या बारीकशी थरथर ओळखतात. शेवटच्या दोन्हींना बदलातच रस असतो. दाब कायम राहिला की त्या गप्प बसतात. एका हाताच्या तळव्याकडच्या बाजूला असे संदेश नेणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू असतात आणि त्यांची दाटी बोटांच्या टोकांशी असते.

ही दाटी घरी मोजता येते. मुलांच्या कंपासपेटीतलं कर्कटक घ्या, टोकं जपून लावा. समोरच्याला डोळे मिटायला सांगा. बोटाच्या टोकावर दोन टोकांत दोन मिलिमीटरचं अंतर असलं तरी ‘दोन’ असं उत्तर येतं. पाठीवर तीच दोन टोकं चार सेंटिमीटर दूर नेईपर्यंत माणूस ‘एकच’ म्हणत राहतो. अर्न्स्ट वेबर या जर्मन वैद्याने १८३४ साली हे शरीरभर मोजून ठेवलं. वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ मध्ये मेंदूवरचा त्वचेचा नकाशा मांडला, त्यातही हेच दिसलं. अख्ख्या पाठीला जागा थोडी, ओठांना आणि हातांना भरपूर.

आता तिखटाकडे. तिखट ही चव नाही. गोड, आंबट, खारट, कडू टिपणाऱ्या रुचिकलिका वेगळ्या. मिरची जाते ती चटका ओळखणाऱ्या तंतूंकडे. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन शोधून काढलं. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं आणि मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच दार उष्णता नसतानाच उघडतं. निरोप तोच. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर ‘तोंड भाजलं’ म्हणणारा माणूस शास्त्राला धरून बोलत असतो. आर्डेम पातापुटियन यांच्या गटाने २०१० मध्ये दाब ओळखणारी पिएझो प्रथिनं शोधली. पेशीला सूक्ष्म नळीने टोचायचं आणि संशयित ७२ जनुकं एकेक बंद करत टोचणं कशाने कळेनासं होतं ते पाहायचं, अशी ही चिकाटी. त्यातल्या पिएझो-२ मुळे आपला हात अंधारात कुठवर गेला आहे हेसुद्धा न बघता कळतं. दोघांना मिळून २०२१ चं नोबेल मिळालं.

दोन मिलिमीटरचा आकडा लक्षात ठेवा, कारण ब्रेल त्याच्यावर उभी आहे. फ्रान्समधल्या कुप्रे गावी जन्मलेल्या लुई ब्रेलला वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या खोगिरांच्या कारखान्यात डोळ्याला आरी लागली आणि पुढे अंधत्व आलं. त्याच्याआधी शार्ल बार्बिये या लष्करी अधिकाऱ्याने अंधारात वाचायची बारा ठिपक्यांची लिपी केली होती. पण बारा ठिपके बोटाखाली मावत नसत, बोट वरखाली करावं लागे. लुईने ते सहावर आणले. ठिपक्यांमधलं अंतर सुमारे अडीच मिलिमीटर, उंची जेमतेम अर्धा. बोटाची ताकद संपायच्या किंचित अलीकडे. ही लिपी त्याने १८२४ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना जुळवली.

सहा ठिपके दोन उभ्या रांगांत असतात. डावीकडे १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, ती उच्चारांप्रमाणे चालते. ‘कल्याण’ लिहायचं तर सहा घरं लागतात. क म्हणजे १ आणि ३. मग एकटा ४, तो हलन्त. इथे पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधी येते, म्हणजे बोटाला आधी कळतं की पुढचं अक्षर अर्धं आहे. मग ल: १, २, ३. य: १, ३, ४, ५, ६. काना: ३, ४, ५. आणि ण: ३, ४, ५, ६. कान्यात आणि ण मध्ये फरक फक्त खालच्या उजव्या ठिपक्याचा. शिवाय हाच ण आकड्यांच्या आधी येतो तेव्हा ‘पुढे अंक आहे’ अशी खूण ठरतो. हे सगळं बोट थांबून ओळखत नाही. ओळीवरून हलकं सरकत जातं आणि दुसरा हात पुढची ओळ शोधून ठेवतो. लिहिण्याची गंमत आणखी निराळी. पाटीत कागद अडकवून टोच्याने मागून ठिपके पाडायचे, म्हणून उजवीकडून डावीकडे, उलटं लिहायचं. कागद फिरवला की सुलटं.

मराठीत स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केलं. नाव अगदी नेमकं ठेवलं आहे. जन्मापासून अंध असलेला माणूस ब्रेल वाचतो तेव्हा मेंदूचा मागचा, एरवी डोळ्यांना वाहिलेला भाग कामाला लागतो, असं १९९६ मध्ये दिसून आलं. रिकामी जागा मेंदू ठेवत नाही.

जिथे मिलिमीटरचा हिशेब चुकतो तिथे काय होतं ते आपल्या खिशातच आहे. जुनी ५०० ची नोट १६७ मिलिमीटर लांब होती आणि जुनी १०० ची १५७. दहा मिलिमीटरचा फरक बोटांना सहज कळायचा. २०१६ पासूनच्या मालिकेत १०० ची नोट १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५० मिलिमीटर. रुंदी तिघींची एकच, ६६. कडेला उठावदार तिरप्या रेषा आहेत, १०० आणि २०० वर चार, ५०० वर पाच. पण नोट चार महिने भाजीवाल्याच्या डब्यात फिरली की उठाव झिजतो. लोकलमध्ये पिना, पेनं, चार्जरच्या वायरी विकणारे अंध विक्रेते नोट हातात आली की ती दोन बोटांभोवती गुंडाळून लांबी मापताना दिसतात. चार मिलिमीटरसाठी हे करावं लागतं. राष्ट्रीय अंध संघाने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये नोट ओळखून बोलणारं ‘मनी’ ॲप आणलं. ॲप बरं आहे, पण गर्दीच्या डब्यात एका हाताने मोबाइल धरून नोटेचा फोटो कोण काढत बसणार? बोटांचं काम बोटांवरच सोपवायला हवं होतं, असं माझं मत आहे.

फलाटाच्या कडेने जाणाऱ्या पिवळ्या खडबडीत फरश्याही याच भाषेतल्या. सेइइची मियाके या जपानी गृहस्थाने १९६५ मध्ये त्या बनवल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. लांब रेषा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, जपून. काठीच्या टोकाची थरथर हातातल्या पॅसिनीच्या कणिकांपर्यंत पोचते आणि जमीन काठीच्या टोकाशी कळते. आपण त्या पट्ट्यावर पिशव्या ठेवून गाडीची वाट बघतो.

शिकण्याशी स्पर्शाचं नातं मराठीला नव्याने सांगायची गरज नव्हती. ‘धुळाक्षरं गिरवणं’ हा शब्दप्रयोगच साक्षीला आहे. पाटीवर धूळ पसरायची आणि बोटाने ‘श्री’ काढायचा. मास्तरांनी काढलेल्या अक्षरावरून बोट पुन्हा पुन्हा न्यायचं, ते गिरवणं. मारिया माँटेसरी यांनी हीच गोष्ट खरकागदाची अक्षरं करून शास्त्रात बसवली. मुलाने दोन बोटं अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने फिरवायची आणि तोंडाने उच्चार करायचा. ताराबाई मोडकांनी हे शिक्षण तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात नेलं, १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबादच्या टेकडीवर. वारली मुलांसाठी महागडी साधनं परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, चिंचोके, बिया, खडे, पानं हेच साहित्य झालं. माझ्या मते त्या साधनांपेक्षा हे सरस होतं. लाकडी ठोकळे सगळे एकसारखे तासलेले. चिंचोका मात्र प्रत्येक वेगळा लागतो.

डोळ्यांना वस्तू ‘दिसायला’ हाताची किती गरज आहे, यावर तीनशे वर्षं वाद होता. विल्यम मॉलिन्यू या आयरिश गृहस्थाने १६८८ मध्ये विचारलं होतं: जन्मांध माणसाला गोळा आणि ठोकळा हाताने ओळखता येतो; उद्या त्याला दृष्टी आली तर नुसतं बघून तो कुठला गोळा आणि कुठला ठोकळा ते सांगेल का? उत्तर भारतातल्या मुलांनी दिलं. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या पाच मुलांना चाचणी देण्यात आली आणि २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हाताने ओळखलेला ठोकळा त्यांना डोळ्यांनी लगेच निवडता आला नाही. थोड्याच दिवसांत मात्र यायला लागला.

डॉक्टरचा हात हाही एक शिकलेला हात. लिओपोल्ड आउएनब्रुगर हा ऑस्ट्रियातल्या खानावळवाल्याचा मुलगा. पिंप किती भरलं आहे ते बाहेरून ठोकून बघतात हे त्याला ठाऊक होतं. तेच त्याने रुग्णाच्या छातीवर केलं आणि १७६१ मध्ये लिहून ठेवलं. १८१६ मध्ये लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून स्टेथोस्कोपची सुरुवात केली, कारण एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना. आपल्याकडे तर नाडी बघायलाही परक्या पुरुषाने हात लावणं कित्येक घरांत चालत नसे. बायका दुखणं अंगावर काढत. ज्यांचं माहेर कल्याणचं, त्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा भारतात स्त्री-डॉक्टर का हव्यात हेच त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात सांगितलं होतं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच फेब्रुवारीत, पुण्यात, त्या गेल्या. हात शिकला पण वापरायला मिळाला नाही.

हाताने बोलण्याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यांत पक्कं उदाहरण बैलबाजारातलं. कल्याणहून मुरबाडच्या पुढे म्हसा गाव आहे. पौष पौर्णिमेला तिथे म्हसोबाची मोठी यात्रा भरते, बैलांसाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध. महाराष्ट्रातल्या जनावरांच्या बाजारात जुनी रीत अशी, की दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर उपरणं किंवा टॉवेल टाकतात आणि सौदा त्याखाली होतो. एक बोट धरलं म्हणजे एक, दोन धरली म्हणजे दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार हे चालू भावावरून दोघांनाही माहीत असतं. तोंडाने दोघं पावसापाण्याचं बोलत असतात. भोवती वीस माणसं उभी असतात आणि कुणालाच कळत नाही. बोट झटकलं म्हणजे नाही, दाबून धरलं म्हणजे अजून विचार कर. वाशीच्या फळबाजारात हापूसचे सौदेही असेच रुमालाखाली होत आले. बाजार समितीच्या नियमांना उघडा लिलाव हवा असतो आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच बरोबर आहे, कारण रुमालाखाली काय ठरलं हे माल ज्याचा त्यालाच कळत नाही. भाषा म्हणून मात्र ती अचूक आहे.

आणि न बोलता होणाऱ्या स्पर्शाचं? सकाळी कल्याण स्टेशनात आठ-सव्वाआठच्या फास्टला उभं राहिलं की चारही बाजूंनी माणसं अंगाला लागलेली असतात आणि कुणीच कुणाला स्पर्श करत नसतं. मराठीने हा भेद क्रियापदात ठेवला आहे. हात लागला आणि हात लावला. धक्का लागला आणि धक्का मारला. जोर तोच असेल, जागा तीच असेल, पण त्या एका अक्षराच्या फरकावर डब्यात भांडण होतं किंवा होत नाही. बायकांना हा फरक उलगडून सांगावा लागत नाही, पाठीलाही कळतो. न्यायालयाला मात्र सांगावा लागला. कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सो कायद्यात लैंगिक अत्याचार ठरत नाही, असा निकाल जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला रद्द केला. कातडीला कातडी लागली का यापेक्षा हेतू बघा, असा त्याचा रोख होता. म्हणजेच, लागला की लावला.

मायेच्या हाताला मज्जासंस्थेने वेगळी तारच दिली आहे. स्वीडनमधल्या संशोधकांना केस असलेल्या कातडीत असे तंतू सापडले की ज्यांचा निरोप फार संथ जातो आणि जागा नेमकी सांगत नाही. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने, अंगाच्या उबेचा हात फिरला की ते सगळ्यांत जास्त जागे होतात. आजी पाठीवरून हात फिरवायची तो वेग मोजून बघा.

याच संदर्भात एक जुनं क्रियापद आहे, शिवणे. मुलं शिवणापाणी खेळतात. ज्याच्यावर राज्य असतं त्याने शिवलं की राज्य दुसऱ्यावर जातं. त्याच क्रियापदापासून शिवाशीव आली. तिथे शिवण्याने विटाळ जायचा, आणि तो एकाच दिशेने जायचा. मुलांच्या खेळात निदान राज्य फिरून परत येतं. त्वचेला यातलं काही ठाऊक नसतं. वर मोजलेल्या १७ हजार तंतूंपैकी एकालाही जात कळत नाही. हे सगळं वरून शिकवलेलं. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्याच्या पाण्याला हात लावणं हा सत्याग्रह ठरला, यावरून शिकवण किती मुरली होती ते कळावं. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बेकायदा केली. स्पर्शावर मराठीत लिहायचं आणि हे सोडून द्यायचं, हे मला जमण्यासारखं नाही.

हात लावायला लोक भितात असा आणखी एक आजार आहे, आणि नेमका तोच आजार माणसाचा स्पर्श काढून घेतो. कल्याणच्या पत्रीपुलाजवळ कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. नौदलातून निवृत्त झालेल्या गजानन माने यांनी तिथे जखमा धुण्यापासून पुनर्वसनापर्यंत काम केलं आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या तुलनेने थंड भागातल्या, कातडीजवळच्या मज्जातंतूंत घर करतात. गरम-गार कळेनासं होतं, मग हलका स्पर्श, मग दुखणं. कोपराशी जो तंतू आपटला की झिणझिण्या येतात तो गेला तर करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट वाकडं होतं. बोटं झडतात ती रोगाने, असा समज फार काळ होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं की बोटं जातात ती दुखत नाही म्हणून. गरम भांडं उचललं तरी कळत नाही, चप्पल लागली तरी चालणं थांबत नाही, जखम चिघळत जाते.

ब्रँड यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे. गंजलेलं कुलूप त्यांना काही उघडेना. एक लहान मुलगा, कुष्ठरुग्ण, पुढे झाला आणि त्याने किल्ली सर्रकन फिरवली. ब्रँड चकित झाले. मग त्याच्या बोटाकडे लक्ष गेलं. किल्लीने मांस हाडापर्यंत कापलं होतं आणि मुलाला पत्ता नव्हता. आपण किल्ली, कप, अंडं किती जोराने धरायचं हे हात क्षणोक्षणी विचारत असतो आणि कातडी सांगत असते. ते सांगणं बंद पडलं की माणूस एकतर वस्तू पाडतो किंवा स्वतःला कापतो. निरोगी माणसाच्या बोटांची टोकं इंजेक्शनने बधिर केली तर पेटीतून काडी काढून ओढायलासुद्धा तिप्पट-चौपट वेळ लागतो. परवा अंधारात मी ती एका झटक्यात ओढली होती, आणि त्यात कौतुकाचं काही आहे हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

कुष्ठरोग आज पूर्ण बरा होतो. बहुविध औषधोपचार प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो, आणि पहिल्या काही मात्रांनंतरच रुग्णापासून लागण व्हायची भीती जवळपास संपते. पण एकदा गेलेला स्पर्श सहसा परत येत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल, तर डोळे मिटून कुणाला तरी कापसाची वात त्याच्यावरून हलकेच फिरवायला सांगा, आणि आजूबाजूच्या कातडीवरूनही. एका ठिकाणी कळलं आणि दुसऱ्या ठिकाणी कळलं नाही, तर त्याच आठवड्यात जवळच्या महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात जा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे.